डोंगर आपला, झाड कोणाचं?

पावसाळा आला की वृक्षारोपणाच्या बॅनरवर एक मजकूर हमखास दिसतो. आंबा-फणस तोडू नका, रयतेने ती झाडं पोटच्या पोरांसारखी वाढवलीत, अशा अर्थाचा. खाली लिहिलेलं असतं 'शिवरायांचे पत्र'. मुळात तो मजकूर रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातला आहे, १७१५च्या सुमाराचा. शिवकाळाची राज्यनीती त्यात आहे हे खरं, पण ते महाराजांचं पत्र नव्हे. आणि बॅनरवर त्याचा अर्धाच भाग येतो.

हा भाग आहे आरमाराच्या प्रकरणात. म्हणजे विषय निसर्गप्रेमाचा नाही, लाकडाचा आहे. गलबतं बांधायला लाकूड हवंच. साग वगैरे राज्यातल्या रानातून परवानगीने तोडा, कमी पडेल ते परमुलखातून विकत आणा. रयतेच्या आंबा-फणसाला मात्र हात लावू नका, कारण ती झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. एखादं झाड अगदीच जीर्ण झालं असेल तर धन्याला राजी करून, पैसे मोजून तोडा. जबरदस्ती नको. बॅनरवर हे शेवटचं कधीच नसतं, आणि मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आरमाराची गरज असूनही सरकारने आधी मालकाला विचारायचं!

आता आपल्याकडे या. रत्नागिरी-सिंधुदुर्गातलं बहुतेक जंगल खाजगी मालकीचं आहे. आपल्या आजोबा-पणजोबांनी ते वापरून राखलं. राबासाठी ऐन-किंजळीची कवळ तोडायची, पण झाड उभं ठेवायचं. घराचा वासा हवा तर एक झाड निवडून काढायचं. बुंध्यातून फुटवा येतोच. कुठलं झाड ठेवायचं हे पोरं कवळ तोडायला बरोबर जाऊनच शिकायची, त्याचा वर्ग कुणी भरवला नाही.

मग कायदे आले. १९६४च्या कायद्याने आंबा, फणस, साग, ऐन, किंजळ अशी झाडं स्वतःच्या जमिनीतलीही परवानगीशिवाय तोडायची नाहीत असं ठरलं. हेतू चांगला. पण १९७५च्या खाजगी वने संपादन कायद्याने ३० ऑगस्ट १९७५पासून खाजगी वनं थेट सरकारजमा झाली. पुढे १२ हेक्टरच्या आतल्या खातेदारांना जमीन परत मिळायची तरतूद झाली, तरी सातबाऱ्यावरच्या वनाच्या नोंदीची धास्ती गेली नाही. जुन्या, पाठपुरावा न झालेल्या नोटिशीवर जमीन घेता येत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं ते २०१४ साली, गोदरेजच्या खटल्यात. सामान्य खातेदाराला तिथवर जाणं परवडतं थोडंच?

'रान वाढलं की सरकार घेणार' हे वाक्य आमच्याकडे अजून ऐकू येतं. त्यात सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावं, निम्मी मुंबईला. व्यापारी येतो, डोंगर उक्ता मागतो, आणि सगळं सरसकट साफ होतं. लाकूड ट्रकने घाटावर, बरंचसं जळाऊ म्हणून. निवडून एक झाड काढायचं तर परवानगीच्या खेपा मालकाने मारायच्या. उक्ता दिला की कागदपत्रं व्यापारी बघतो. म्हणजे राखून वापरणाऱ्यालाच त्रास जास्त.

एका बाबतीत मात्र अमात्यांचा नियम आज जसाच्या तसा लावू नये. जीर्ण झाड तोडायला ते मोकळीक देतात. धनेशाची मादी नेमकी अशाच जुन्या, ढोल पडलेल्या झाडात स्वतःला लिंपून घेते, आणि नर बाहेरून फळं भरवत राहतो. व्यापारी अशा झाडाला फारसा भाव देत नाही, पण उक्त्यात तेही जातं.

येत्या मे महिन्यात सगळे भाऊबंद गावी येतील. आमच्या डोंगरावर पोरांना घेऊन फिरायचं आणि ढोलीच्या झाडांना चुन्याचा पट्टा मारायचा असं ठरवलंय. त्या झाडांचा सौदा होणार नाही. बाकी ऐन-किंजळीचं काय, ते डोंगरावरच बसून बोलू.