धुण्याचा जमाखर्च

मालवणच्या समुद्रात, कुरटे बेटावर १६६४ साली सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली. चहूबाजूंनी खारे पाणी असलेल्या या किल्ल्यात गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत : दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. गोड्या पाण्याला दूध, दही, साखर यांच्या पंक्तीला बसवणाऱ्या या नावांतून किनाऱ्यावरचे एक जुने अर्थशास्त्र प्रकट होते. कपडे धुण्याच्या खर्चात बचत कशी करावी, या प्रश्नाचा विचार आपण आज पावडरीच्या किमतीपासून सुरू करतो. मालवण किनाऱ्यावर मात्र तो पाण्यापासून सुरू करावा लागतो, आणि तसा तो केला की या साध्या घरगुती काटकसरीचा इतिहास काहीसा वेगळा दिसू लागतो.

शाळेच्या पुस्तकात ‘सुफेन’ आणि ‘दुष्फेन’ असे पाण्याचे दोन प्रकार आपण सर्वांनी पाठ केलेले असतात. दुष्फेन पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी संयोग पावतात, फेसाऐवजी चिकट साका तयार होतो आणि बराचसा साबण मळापर्यंत पोचण्याआधीच खर्ची पडतो. खाडीकाठच्या, पुळणीतल्या विहिरींचे पाणी वैशाखात मचूळ होते, तेव्हा हा धडा पाठ न करताही कळतो. जांभ्या दगडातल्या विहिरीचे आणि पावसाळ्यात पागोळ्यांखाली धरलेले पाणी मऊ असते. तेवढ्याच साबणात त्यात दुप्पट धुणे निघाल्यासारखे वाटते. थोडक्यात, इथली साबणाची बचत ही प्रथम पाण्याची निवड होती. आणि ते निवडक पाणी कोणाला तरी लांबून डोक्यावर वाहून आणावे लागे.

साबण येण्यापूर्वी काय होते? राख आणि रिठा. नारळाच्या मुलखात चुडते, सोडणे, करवंट्या हेच न्हाणीच्या चुलीचे इंधन. त्यांच्या राखेत पोटॅशचे प्रमाण चांगले असते. ती पाण्यात कालवून वरची निवळ घेतली की धुण्याचा खार तयार होई. रिठ्याचा फेस दुष्फेन पाण्यातही साका धरत नाही, म्हणून रेशमी व लोकरी वस्त्रांसाठी त्याची निवड होई. या शब्दाचे कूळ संस्कृत ‘अरिष्टक’पर्यंत पोचते. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात कोणते वस्त्र कशाने शुद्ध करावे याची यादीच आहे : रेशमी व लोकरी वस्त्रांना खारी माती, कांबळ्यांना रिठे, क्षौमवस्त्रांना पांढरी मोहरी. आठव्या अध्यायात धोब्याला आज्ञा आहे, की त्याने सावरीच्या गुळगुळीत फळीवर हळूहळू कपडे धुवावेत आणि एकाचे दुसऱ्यात मिसळू नयेत. द्रव्याची नोंद आहे, धोब्यासाठी नियम आहे. घरी धुणे धुणारी स्त्री या दोन्ही ठिकाणी कुठेच नाही.

ही अनुपस्थिती पुढेही टिकली. राखेने धुणे म्हणजे रोख खर्च शून्य. परंतु राख चाळणे, निवळ काढणे, कपडे भिजत घालणे, उकळणे, धोंडीवर आपटणे आणि पुन्हापुन्हा खळबळणे, हा सारा खर्च मनगटांनी भरलेला असे. भाताच्या पेजेची खळ देण्यामागेही नुसती कडक घडी नव्हती. मळ खळीला चिकटतो आणि पुढच्या धुण्यात खळीबरोबर निघून जातो. गावचा परीट धान्याच्या मोबदल्यावर काम करी. ‘परीटघडी’ हा शब्द मराठीत ऐटीचा निदर्शक झाला, तो ती घडी सर्वांना परवडणारी नव्हती म्हणूनच.

१८८८ साली कलकत्त्याच्या बंदरात लिव्हर बंधूंच्या ‘सनलाइट’ साबणाच्या पेट्या उतरल्या. १९१७ साली टाटा ऑइल मिल्सची स्थापना झाली आणि केरळच्या किनाऱ्यावरच्या खोबरेल उद्योगातून पुढे तिचा ‘५०१’ हा धुण्याचा साबण घरोघर पोचला. १९१८ साली गोदरेजने प्राण्यांच्या चरबीवाचून बनवलेला ‘चावी’ साबण आणला. सोवळ्याओवळ्याचा विचार करणाऱ्या घरांत या गोष्टीला अर्थ होता. खोबरेलाचा साबण खाऱ्या पाण्यातही फेस देतो, हा नारळाच्या मुलखाला मिळालेला योगायोगाचा लाभ.

मात्र साबण ही विकत घेण्याची वस्तू होती, आणि दक्षिण कोकणात रोकड बव्हंशी मुंबईच्या चाकरमान्याच्या मनिऑर्डरीतून येई. म्हणून वडी आणल्यावर दोऱ्याने कापायची, तुकडे वाळवून टणक करायचे, म्हणजे ते कमी झिजतात. वापरातला तुकडा पाण्यात राहू नये म्हणून भोके पाडलेल्या करवंटीत ठेवायचा. उरल्यासुरल्या चिपट्या गरम पाण्यात विरघळवून पुन्हा वापरायच्या. गिरणगावातला पगार आणि मागीलदारची धोंड यांना जोडणारा दुवा असा साबणाच्या एका तुकड्यात सापडतो.

१९५९ साली ‘सर्फ’ आणि १९६९ साली करसनभाई पटेलांची ‘निरमा’ बाजारात आली. डिटर्जंट दुष्फेन पाण्यातही साका धरत नाही. मचूळ विहिरींच्या प्रदेशात ही मोठीच सोय. सर्फ किलोला तेरा रुपयांच्या घरात असताना निरमा साडेतीन रुपयांना मिळू लागली, आणि पावडर सामान्य घरांत शिरली. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली रत्नागिरीतून वेगळा झाला. त्याच दशकात दूरदर्शनवर ललिताजी आल्या. स्वस्त वस्तू आणि चांगली वस्तू यांतला भेद त्या भाजीवाल्याशी घासाघीस करता करता समजावून देत, आणि अर्धा किलो सर्फ एक किलो स्वस्त पावडरीच्या बरोबरीचे असल्याचे गणित मांडत. जाहिरात विक्रीसाठीच होती; तरीही गृहिणी हिशेब करते, हे तिने मान्य केले. त्या हिशेबात किंमत आली, परिमाण आले. स्वस्त पावडरीतल्या जादा सोड्याने सोलवटणारे हात मात्र त्यातही आले नाहीत.

आज किनाऱ्यावरच्या घरांत नळ आहेत, पुष्कळ ठिकाणी यंत्रेही आहेत. बचतीचे उपाय जुनेच लागू पडतात : कपडे आधी भिजवावेत, मऊ पाणी वापरावे, पावडर मापून घालावी. फेस भरपूर म्हणजे स्वच्छता अधिक, ही समजूत खरी नाही. जादा पावडर खळबळण्यासाठी जादा पाणी मागते. ते सांडपाणी पुळणीत जिरते आणि विहीर जवळ असेल तर तिच्याकडेच वळते. म्हणजे पावडरीची बचत ही पुन्हा पाण्याचीच बचत ठरते.

साहित्याच्या अभ्यासकाने या क्षुल्लक विषयाकडे का वळावे? घरखर्चाच्या वह्या, स्त्रियांची आत्मकथने, ग्रामीण कथा यांत काटकसरीचे कौतुक वारंवार आढळते. तो मजकूर वाचताना एक प्रश्न जवळ ठेवावा : वाचलेला पैसा वहीत कोणत्या रकान्यात दिसतो, आणि त्यासाठी पाणी कोणी आणले, कपडे कोणी आपटले? पहिल्याचे उत्तर वहीत मिळेल. दुसऱ्यासाठी वहीबाहेर, विहिरीपर्यंत जावे लागेल.