रंगवलेली सावली

प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून केलेले विमान अगदी नेमक्या रंगात रंगवले तरी ते खेळणेच दिसते. आकार १:७२ या प्रमाणात अचूक असतो, रंगाची छटाही मूळ विमानाबरहुकूम असते. मग चुकते कोठे? या छंदातली मुरलेली माणसे याचे उत्तर कुंचल्याने देतात. पंखाखालचा भाग आणि पत्र्यांमधले सांधे ती किंचित गडद करतात, वरच्या कडा फिक्या करतात. थोडक्यात, सावली पडण्याची वाट न पाहता ती रंगवून टाकतात. या युक्तीचा मागोवा घेऊ लागलो तेव्हा आम्हाला तिची उलटी बाजू आधी सापडली, आणि खरी गंमत तिथेच आहे असे वाटले.

अॅबट थेअर हा अमेरिकन चित्रकार. १८९६ साली त्याने 'द ऑक' या पक्षिशास्त्राच्या नियतकालिकात प्राण्यांच्या रंगांविषयी एक लेख लिहिला. त्याचे म्हणणे साधे होते. प्रकाश वरून येतो, त्यामुळे एकाच रंगाची गोलसर वस्तू वर उजळ आणि खाली काळोखी दिसते. या चढउतारावरूनच डोळ्याला तिची गोलाई कळते. हरणाची किंवा माशाची पाठ गडद आणि पोट पांढरे असते. म्हणजे प्रकाश जिथे उजळ करतो तिथे रंग गडद, आणि जिथे सावली पडते तिथे रंग फिका. दोन्हींची वजाबाकी होऊन प्राणी सपाट भासतो आणि पार्श्वभूमीत विरून जातो.

हे पक्षिशास्त्रज्ञांना पटवून देण्यासाठी थेअरने त्याच वर्षी एक प्रयोग केला. रताळ्याच्या आकाराच्या तीन वस्तू त्याने तारेवर, जमिनीपासून काही इंच उंच, ओळीने बसवल्या. त्यांना चिकट पदार्थ लावून त्यावर तिथलीच माती भुरभुरली. कडेच्या दोघींची खालची बाजू पांढरी रंगवून तो रंग वरच्या तपकिरीत हळुवार मिसळून दिला. थोड्या अंतरावरून पाहणाऱ्यांना त्या दोन्ही दिसेनात. मधली मात्र ठसठशीत दिसत होती. मूळ रंगापेक्षा कितीतरी काळीसुद्धा. खरे तर मातीशी रंगाने तंतोतंत जुळणारी तीच होती!

थेअर पुढे वाहवत गेला. फ्लेमिंगो गुलाबी असतात ते संध्याकाळच्या आकाशात लपण्यासाठी, असेही तो म्हणू लागला, आणि थिओडोर रूझवेल्ट यांनी १९११ साली त्याचा सविस्तर समाचार घेतला. तो योग्यच होता. पण म्हणून मूळ नियम खोटा ठरत नाही. १९०२ मध्ये थेअरने एका सहकाऱ्याबरोबर हाच नियम जहाजांना लावून पेटंटही मिळवले होते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ ह्यू कॉट याने १९४० साली रेल्वेवरच्या दोन प्रचंड तोफांपैकी एक प्रचलित लष्करी पद्धतीने आणि दुसरी या प्रतिछायेच्या पद्धतीने रंगवून दाखवली. विमानातून घेतलेल्या छायाचित्रांत पहिली तोफ सहज दिसते. दुसरी बारकाईने शोधावी लागते. असे असूनही लष्कराने ही पद्धत स्वीकारली नाही. पुरावा समोर असूनही तो न दिसणे हाही एक दृष्टिभ्रमच म्हणायचा.

त्याच युद्धात छोट्या विमानांना वेगळेच काम मिळाले. १:७२ प्रमाणाचे प्लॅस्टिक संच १९३६ पासूनच ब्रिटनमध्ये 'फ्रॉग पेंग्विन' या नावाने विकले जात होते. १९४२ च्या आरंभी अमेरिकन नौदलाने शाळांकडे पाच लाख लाकडी प्रतिकृतींची मागणी केली, तीही याच प्रमाणात. कारण सरळ गणिताचे होते. ३५ फुटांवरून पाहिलेली प्रतिकृती जवळजवळ अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाएवढी दिसते. विमान आपले की शत्रूचे हे सैनिकाला क्षणात ठरवायचे असे, आणि त्यात चूक झाली तर आपलाच वैमानिक मरणार. म्हणून मुलांनी ही विमाने काळी रंगवली. छाया नको, रंग नको, फक्त बाह्याकृती.

युद्धानंतर पॉलिस्टायरीनचे स्वस्त संच घरोघरी पोहोचले आणि विमान 'खरे' दिसण्याची हौस वाढली. अमेरिकेत शेपर्ड पेन आणि बेल्जियममध्ये फ्रान्स्वा व्हर्लिंडेन यांनी १९७० आणि १९८० च्या दशकांत छायेच्या रीती लोकप्रिय केल्या. त्यातल्या दोन मुख्य. पहिलीत गडद रंग खूप पातळ करून पृष्ठभागावर सोडतात. केशाकर्षणाने तो खाचांमध्ये ओढला जातो आणि तिथेच वाळतो. (पातळ करणारा द्रव खालचा रंग विरघळवणारा नसावा, नाहीतर सगळाच चिखल होतो.) दुसरीत कुंचला जवळजवळ कोरडा पुसून त्याने फिका रंग फक्त उंचवट्यांवर घासतात.

पण मुळात याची गरज का पडावी? सावलीची भूमिती प्रमाणाबरोबर बदलत नाही. प्रतिकृती उन्हात ठेवली तर तिच्यावर मूळ विमानासारख्याच सावल्या पडतात. गोची होते ती घरात. सूर्याचा व्यास आपल्या डोळ्याशी जेमतेम अर्धा अंश कोन करतो. चार फुटी ट्यूबलाइट दोन मीटरवरून सुमारे ३३ अंशांचा कोन करते. बहात्तरपट करून पाहा: विमानापासून १४४ मीटरवर ८६ मीटर लांबीचा सूर्य! शिवाय भिंतींवरून परतलेला प्रकाश खालची बाजूही उजळतो. सावल्या पुसट होतात आणि विमान सपाट, म्हणजे खेळण्यासारखे दिसते.

पंखाखालच्या छायेचे समर्थन असे करता येते. सांध्यांमधल्या काळ्या रेघांचे मात्र अवघड आहे. प्रतिकृती आपण ३० सेंटीमीटरवरून पाहतो, म्हणजे खरे विमान सुमारे २२ मीटरवरून. तिथून तीन मिलिमीटरचा सांधा धड दिसतही नाही. बरेच छांदिष्ट तो ठळक काळ्या रेघेने दाखवतात, आणि आमच्या मते तिथे अतिरेक होतो.

ही लबाडी खपते ती मेंदूच्या एका सवयीमुळे. प्रकाश एकच आहे आणि तो वरूनच येतो, असे मेंदू गृहीत धरतो. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९८८ साली 'नेचर'मध्ये हे साध्या छायांकित वर्तुळांनी दाखवले. वर उजळ, खाली गडद असलेले वर्तुळ फुगीर दिसते. कागद उलटा केला की तेच खोलगट होते.

वर्गात यासाठी विमानाचा संच नको. एकादशीच्या बाजारातून तीन सारखी रताळी आणावीत, थेअरप्रमाणे रंगवावीत आणि मैदानावर तारेला टांगावीत. फक्त तिसऱ्याची वरची बाजू फिकी आणि पोट गडद करावे. मुलांना वीस पावलांवर उभे करून 'रताळी किती?' एवढेच विचारावे. प्रयोग दुपारी बाराच्या सुमारास करावा. संध्याकाळी तिरप्या उन्हात तो फसतो, आणि तो का फसतो हे मुलांनाच शोधू द्यावे.