निदान आणि धीर : बारामती-इंदापूर परिसरातील कर्करोग

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील कर्करोगाचा इतिहास हा उपचारांइतकाच निदानानंतर लागणाऱ्या धीराचाही इतिहास आहे, आणि हा धीर रुग्णाला एकट्याने क्वचितच गोळा करता आला आहे.

परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले, तेव्हा बारामतीहून दौंडपर्यंत १९१४ पासून अरुंदमापी, म्हणजे नॅरोगेज, रेल्वे धावत होती आणि दौंडला गाडी बदलून मुंबई गाठता येई. त्या काळी आणि पुढेही अनेक दशके निदान घरातील कर्त्या माणसाला सांगितले जाई, तो ते रुग्णापासून लपवी आणि गावात रोगाचे नाव न घेता ‘टाटाला नेलंय’ एवढेच सांगितले जाई. या लपवण्यामागे माया होती, परंतु त्यामुळे रुग्णाला आपली भीती कोणापाशी बोलून दाखवता येत नसे. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरणाऱ्या रुग्णांना व नातेवाइकांना मात्र त्याच वाटेने जाणारी माणसे भेटू लागली.

इंदापूरच्या पूर्वेस, सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे, १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी, म्हणजे ठरावीक प्रदेशातील प्रत्येक रुग्णाची पद्धतशीर नोंद, सुरू झाली. तिचे कार्यकर्ते बार्शी, परांडा व भूम तालुक्यांतील गावोगावी जाऊन लोकांशी बोलत, अंगावरून अवेळी रक्त जाणे यासारखी लक्षणे समजावून सांगत आणि संशयित रुग्णांना तपासणीस जाण्यासाठी राजी करत. पुढे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या अधिक स्त्रिया लवकरच्या टप्प्यात उपचारांस येऊ लागल्या.

२००४ च्या लोकसभा निवडणुकीच्या सुमारास बारामतीचे नेते शरद पवार यांना तोंडाचा कर्करोग झाल्याचे निष्पन्न झाले. किरणोपचाराच्या ३६ फेऱ्या, त्या काळातील वेदना, दुपारपर्यंत मंत्रालयाचे काम आटोपून उपचारांस जाणे आणि एका डॉक्टरांनी वर्तवलेली सहा महिन्यांची मुदत हे सारे त्यांनी पुढे जाहीर सभांतून सांगितले व सुपारी-गुटख्याच्या सवयीबद्दल पश्चात्तापही व्यक्त केला. ज्या रोगाचे नाव घरातही घेतले जात नसे, त्याविषयी तालुक्याचा माणूस व्यासपीठावरून बोलला, ही या परिसरातील महत्त्वाची घटना होय.

कर्करुग्णाच्या मनाचा अभ्यास करणारी मनो-कर्करोगशास्त्र ही शाखा १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये जिमी हॉलंड यांच्या कार्यातून आकारास आली आणि रुग्णाचे मानसिक दुःख विचारून, नोंदवून त्यावर उपाय करणे तिने उपचाराचा भाग मानले. म्हणूनच तालुक्याच्या दवाखान्यात निदान सांगताना रुग्णाला समोर बसवणे, त्याचे प्रश्न ऐकणे आणि समुपदेशकाची सोय करणे हे औषधाइतकेच आवश्यक ठरते.