पिकते तिथे विकत नाही : प्रोग्रेसिव्ह मेटलचे घर आणि परदेश

लाइव्ह अल्बमच्या वेष्टनावर गाण्यांच्या यादीखाली बारीक अक्षरांत एक ओळ असते : ध्वनिमुद्रण अमुक शहरात, अमुक सभागृहात. श्रोता ती सहसा वाचत नाही. जुन्या पुस्तकाचे मुद्रणपृष्ठ आधी पाहण्याची सवय असलेल्या अभ्यासकाने मात्र ती वाचावी. हेवी मेटलचा जोर आणि प्रोग्रेसिव्ह रॉकची दीर्घ, विषम तालांची, अनेकभागी रचना यांच्या संयोगातून १९८०च्या दशकात प्रोग्रेसिव्ह मेटल आकाराला आले. त्यातले तीन प्रमुख बँड अमेरिकन : क्वीन्सराइक, फेट्स वॉर्निंग आणि ड्रीम थिएटर. त्यांच्या ध्वनिमुद्रणांच्या या बारीक ओळी एकाखाली एक मांडल्या, तर टोकियो, लंडन, पॅरिस, बोखुम, अथेन्स अशी नावे हाती येतात. 'पिकते तिथे विकत नाही' ही म्हण अशा वेळी चटकन आठवते. ती कितपत पुरेशी आहे, हे या टिपणात तपासायचे आहे.

क्वीन्सराइक हा सिएटलजवळच्या बेलव्ह्यूचा बँड. त्यांची पहिली मैफल-चित्रफीत ऑगस्ट १९८४मध्ये टोकियोच्या नाकानो सनप्लाझा सभागृहात चित्रित झाली. त्याच वर्षी जपानमध्ये 'बर्न!' हे केवळ या संगीताला वाहिलेले मासिक निघाले होते. जर्मनीत 'रॉक हार्ड' त्याआधीच, १९८३मध्ये सुरू झाले होते. ही मासिके महत्त्वाची अशासाठी, की वीस मिनिटांची रचना रेडिओवर वाजत नाही, पण तिच्याविषयी लिहिता येते आणि वाचून माणूस तिकीट काढतो. क्वीन्सराइकपुरता पुढे घराचा दरवाजा उघडला. १९९०च्या 'एम्पायर' अल्बममधले एक गाणे अमेरिकेच्या मुख्य यादीत नवव्या क्रमांकापर्यंत गेले, आणि १९९१मध्ये या बँडने आपली 'ऑपरेशन : माइंडक्राइम' ही संपूर्ण कथात्मक रचना विस्कॉन्सिन राज्यातल्या मैफलींत ध्वनिमुद्रित केली. टोकियोपासून विस्कॉन्सिनपर्यंत यायला सात वर्षे लागली. पण त्याच वर्षाच्या सप्टेंबरात निर्वाणाचा 'नेव्हरमाइंड' आला. सिएटलच्या परिसरातूनच उठलेल्या ग्रंज संगीताने अमेरिकन रेडिओची अभिरुची पालटली, आणि लांब, गुंतागुंतीचे, कौशल्यप्रधान संगीत एकाएकी कालबाह्य ठरले.

ड्रीम थिएटरची उमेदवारी याच संधिकालातली. बोस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात १९८५मध्ये तीन विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या या बँडचा पहिला अल्बम १९८९मध्ये आला. त्याच्या प्रसिद्धीसाठी त्यांना फक्त पाच मैफली करता आल्या, त्याही घराजवळच. 'घरी दौरा करायचा की बाहेर' हा प्रश्न पडायलासुद्धा आधी कोणाचे तरी आमंत्रण लागते. ते कोठूनच नव्हते. १९९२च्या 'इमेजेस अँड वर्ड्स'ने ते मिळवून दिले. आठ मिनिटांहून लांब असलेले एक गाणे कापून एमटीव्हीवर दाखवले गेले आणि अमेरिकेत नाव झाले. तरीही एप्रिल १९९३मध्ये लाइव्ह मुद्रण झाले ते लंडनच्या मार्की क्लबमध्ये, आणि ऑगस्टमध्ये मैफलीचे चित्रण झाले ते टोकियोत, त्याच नाकानो सनप्लाझामध्ये. १९९८चा लाइव्ह अल्बम पॅरिसच्या बाताक्लाँ सभागृहातला. अमेरिकन बँडच्या या काळातल्या लाइव्ह मुद्रणांत अमेरिका जवळजवळ नाहीच.

यामागे रसिकतेइतकाच हिशेबही होता. अमेरिकेत दौरा म्हणजे दोन शहरांमधली प्रचंड अंतरे, आणि रेडिओवर गाणे वाजत नसेल तर निम्मी रिकामी सभागृहे. जर्मनी, नेदरलँड्स, फ्रान्स, इटलीत एका रात्रीच्या बसप्रवासात पुढचे शहर गाठता येते. शिवाय दौऱ्यासाठी रेकॉर्ड कंपनी जो पैसा देते, ती बहुधा उचल असते आणि पुढच्या मानधनातून वळती होते. तोट्यातला दौरा म्हणजे कर्ज. अशा वेळी परदेश निवडणाऱ्याला देशत्यागी म्हणणे म्हणजे उपजीविकेसाठी गाव सोडणाऱ्याला कृतघ्न ठरवण्यासारखे आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना मात्र या हिशेबापेक्षा त्याचा रचनेवर झालेला परिणाम अधिक विचारात घ्यावा लागेल. घर जिंकायचे तर रेडिओ जिंकायला हवा, आणि रेडिओला गाणे आटोपशीर लागते. १९९७च्या 'फॉलिंग इंटू इन्फिनिटी'च्या वेळी कंपनीने ड्रीम थिएटरचा दुहेरी अल्बमचा बेत नाकारला, आणि एका गाण्याच्या पुनर्लेखनासाठी लोकप्रिय गीतकार डेस्मंड चाइल्ड यांची मदत घेण्यात आली. उलट त्यांची तेवीस मिनिटांची 'अ चेंज ऑफ सीझन्स' १९९५मध्ये प्रसिद्ध झाली ती चाहत्यांनी लावून धरल्यामुळे, आणि तिच्या सोबतची लाइव्ह गाणी लंडनच्या रॉनी स्कॉट्समधली होती. कोणत्या मंचावर उभे राहायचे, या निवडीत कोणता आकृतिबंध जगवायचा हीही निवड दडलेली असते.

कनेटिकटच्या फेट्स वॉर्निंगने याचे दुसरे टोक दाखवले. १९९७चा त्यांचा 'अ प्लेझंट शेड ऑफ ग्रे' ही बारा भागांची, पन्नास मिनिटांहून दीर्घ अशी एकच रचना आहे. ती अखंड वाजवलेली ऐकू येते १९९८च्या 'स्टिल लाइफ'मध्ये, आणि हे मुद्रण जर्मनीतल्या बोखुमचे आहे. पुढची मैफल-चित्रफीत अथेन्सची, २००५ची. २०१८च्या लाइव्ह अल्बमच्या तर नावातच युरोप आहे. या बँडने रचना आखूड केली नाही. त्याची किंमत त्यांनी घराच्या मंचाने चुकवली.

ड्रीम थिएटर घरी परतले ते याच अडवणुकीतून सुटल्यावर. १९९९च्या 'सीन्स फ्रॉम अ मेमरी'साठी कंपनीने हात मोकळा सोडला. ३० ऑगस्ट २००० रोजी न्यूयॉर्कच्या रोझलँड बॉलरूममध्ये ही अखंड कथा अभिनेता आणि गायकवृंदासह सादर झाली. असा पसारा परदेशी रोज रात्री उभा करणे अवघडच होते. घराचे महत्त्व येथे कळते. पण त्या मैफलीचा अल्बम बाजारात आला तो नेमका ११ सप्टेंबर २००१ रोजी, आणि त्याच्या मुखपृष्ठावर ज्वाळांत वेढलेले न्यूयॉर्क होते, जुळ्या मनोऱ्यांसह. प्रती परत मागवाव्या लागल्या. त्यानंतरही घर एका रात्रीत मिळाले नाही. २००४मध्ये एप्रिलला टोकियोच्या बुडोकानमध्ये स्वतःची मैफल करणारा हा बँड त्याच वर्षी अमेरिकेत येस या ज्येष्ठ बँडच्या आधी वाजवत होता. २००५मध्ये मेगाडेथच्या पुढाकाराने निघालेल्या 'जायगँटूर'मध्ये ते सहभागी झाले. मग कोठे १ एप्रिल २००६ रोजी न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये वाद्यवृंदासह वर्धापनाची मैफल झाली.

येथवर आपण अमेरिकेला घर मानले. दुसऱ्या किनाऱ्यावरून पाहिले की चित्र उलटते. १९९७मध्ये मॅरिलियन या इंग्लिश प्रोग्रेसिव्ह रॉक बँडला अमेरिकेचा दौरा परवडत नव्हता. तिथल्या चाहत्यांनी सुमारे साठ हजार डॉलर गोळा करून त्यांना नेले. २००९मध्ये ड्रीम थिएटरने स्वतःच आखलेल्या 'प्रोग्रेसिव्ह नेशन' या अमेरिकन दौऱ्यात पेन ऑफ सॅल्व्हेशन आणि बिअर्डफिश हे स्वीडिश बँड येणार होते. जर्मनीतली एसपीव्ही ही कंपनी दिवाळखोरीत गेली, पैसा आटला आणि दोघांनाही माघार घ्यावी लागली. एकाला जे घर दुर्लभ, तेच दुसऱ्याला परदेश म्हणून दुर्लभ.

म्हणून म्हण अर्धीच खरी मानावी लागते. पिकते तिथे विकत नाही, हे दिसते. पण दूर विकले गेल्यामुळेच शेत पडीक राहिले नाही, हे म्हण सांगत नाही. टोकियो आणि बोखुमच्या श्रोत्यांनी दुसऱ्यांचे संगीत फक्त विकत घेतले नाही, त्याचा दीर्घ आकार त्यांनी सांभाळला, आणि तो सांभाळला गेला म्हणून न्यूयॉर्कची रात्र शक्य झाली. ड्रीम थिएटरच्या चाळीस वर्षांचा दौरा ऑक्टोबर २०२४मध्ये लंडनहून सुरू झाला आणि त्याचे मुद्रण पॅरिसमध्ये झाले. आता ती सक्ती नव्हती. ज्यांनी पडत्या काळात ऐकले, त्यांच्या दारी आधी जाण्याची ही रीत असावी, असे मानायला हरकत नाही.