उजवीकडून वाचायचा पत्ता

महाराष्ट्रात कुठल्याही गावच्या बाजारात ‘सोलापुरी चादर’ अशी पाटी दिसते. त्या गठ्ठ्यातली प्रत्येक चादर सोलापुरात विणलेली असतेच असं नाही. परप्रांतातल्या यंत्रमागावरचा मालही याच नावानं खपतो आणि फटका बसतो तो इथल्या विणकराला. म्हणून 2005-06 मध्ये सोलापुरी चादरीला आणि इथल्या टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालं. नाव कायद्यानं गावाशी बांधलं गेलं. चादर पारखणारा सोलापूरकर आधीपासून हेच करत आला आहे: नाव दिसलं तरी माल कुठला ते विचारायचं.

बनावट संकेतस्थळ ओळखण्याची विद्याही हीच आहे. बोधचिन्ह, रंग, मजकूर यांची हुबेहूब नक्कल होते. गाव मात्र उचलून नेता येत नाही. ते पत्त्यात लिहिलेलं असतं.

पत्त्यात गाव पक्कं करण्याची गरज टपाल खात्याला आधी पडली. एकाच नावाची अनेक गावं, अनेक लिप्या, न लागणारी अक्षरं यांतून पत्रं भलतीकडे जात. त्यावर टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी पिनकोड आखला; तो 15 ऑगस्ट 1972 ला लागू झाला. सोलापूरचा 413001 घ्या. पहिला 4 पश्चिमेकडचा विभाग सांगतो, 413 वर्गीकरणाचा जिल्हा, आणि शेवटचे तीन आकडे टपाल कचेरी.

संगणकांच्या जाळ्यावर सुरुवातीला सगळ्या यंत्रांची नावं एकाच यादीत असत. यंत्रं वाढली, यादी आवरेना. 1983 मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नावांची उतरंड रचली. आपण पाकिटावर आधी घर, मग गल्ली, शेवटी गाव लिहितो, तशीच ही रचना: सर्वांत मोठा घटक उजवीकडे. भारताचं ‘डॉट इन’ 1989 पासूनचं.

या रचनेत नोंदणीकृत नाव शेवटाला चिकटून असतं. त्याच्या डावीकडे मालकानं काय लिहावं, याला कुणाची आडकाठी नाही. ‘अमुकबँक डॉट केवायसी-सेवा डॉट टॉप’ या पत्त्यात बँकेचं काहीच नाही. मालक आहे ‘केवायसी-सेवा डॉट टॉप’ हे नाव घेणारा. म्हणून सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढची पहिली एकेरी रेघ शोधावी आणि तिथून डावीकडे वाचत जावं. रेघेच्या उजवीकडचा मजकूर नुसता पानाचा तपशील असतो.

या चोरीला ‘फिशिंग’ म्हणतात. 1990 च्या दशकाच्या मध्यावर अमेरिका ऑनलाइन या सेवेच्या ग्राहकांना कर्मचारी असल्याचं भासवून पासवर्ड विचारले जात, तेव्हा हा शब्द रुळला. गळ टाकण्याचीच कल्पना. इंग्रजीत त्याचं स्पेलिंग मात्र टेलिफोनची यंत्रणा फोडणाऱ्यांच्या ‘फ्रीकिंग’ या शब्दावरून बदललं.

त्याच दशकात पत्त्याशेजारी कुलपाचं चित्र आलं आणि लोकांनी ते सचोटीचं प्रमाणपत्र मानलं. कुलूप म्हणजे लाखेनं बंद केलेलं पाकीट. वाटेत ते कुणी फोडणार नाही, एवढीच त्याची हमी. चोराच्या घरचा पत्ता लिहिला असेल तर ते चोराच्या घरी सुखरूप पोचतं. हा गैरसमज वाढला म्हणून 2023 मध्ये क्रोम या ब्राउझरनं पत्त्याशेजारचं ते चित्रच काढलं.

सोलापुरात चादरीसाठी जे झालं, ते बँकांसाठी आता झालं आहे. रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी 2025 मध्ये ‘डॉट बँक डॉट इन’ हा शेवट जाहीर केला आणि 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत तिकडे जायला बँकांना सांगितलं. हैदराबादची आयडीआरबीटी ही संस्था तो फक्त बँकांनाच देते. नाव पुन्हा गावाशी बांधलं गेलं.

तीर्थक्षेत्रांच्या खोल्यांना असं कुंपण नाही. केंद्राच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्रानं एप्रिल 2025 मध्ये यात्रेकरूंना बनावट बुकिंगबद्दल सावध केलं होतं. पंढरपूर आणि अक्कलकोट आपल्याच जिल्ह्यात आहेत. तिथल्या मुक्कामाचे पैसे भरण्याआधी शोधात वर आलेल्या जाहिरातीवर किंवा आलेल्या लिंकवर बोट ठेवू नका. संस्थेला विचारून पत्ता घ्या, स्वतः टाइप करा. रशियन लिपीतला ‘а’ रोमन ‘a’ सारखाच दिसतो, त्यामुळे पाठवलेल्या लिंकमध्ये डोळेही फसतात.

पैसे गेलेच तर लाज बाळगू नका, ताबडतोब 1930 फिरवा; रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येते. तक्रार ‘सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन’ वर करा, आणि तो पत्ताही आधी उजवीकडून वाचा.