कळ, श्रम आणि आकुंचन : वेदनारहित प्रसूतीच्या चळवळीतील भाषाविचार

पॅरिसमधील धातुकामगारांच्या संघटनेने चालविलेल्या 'ब्लुए' ह्या प्रसूतिगृहात १९५२पासून गर्भवतींना जे प्रशिक्षण दिले जाऊ लागले, त्याच्या केंद्रस्थानी एक शब्दबदल होता. 'वेदना' हा शब्द टाळावयाचा आणि गर्भाशयाचे 'आकुंचन' असे म्हणावयाचे. शरीररचनेचे पाठ, श्वसनाचा सराव, स्नायू सैल सोडण्याची सवय हे सर्व ह्या शब्दबदलाच्या आधाराने उभे होते. डॉ. फर्नां लामाझ ह्यांच्या नावाने पुढे जगभर गेलेल्या ह्या पद्धतीचा इतिहास सामान्यतः वैद्यकाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तो भाषाविषयक एका गृहीतकाचाही इतिहास आहे, आणि तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांना त्यातील हीच बाजू अधिक बोलकी वाटावी.

हे गृहीतक सोव्हिएत भूमीत घडले. खार्कोव्ह येथे वेल्वोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस पाव्हलोव्हच्या 'द्वितीय संकेतव्यवस्थे'चा, म्हणजे भाषेचा, आधार घेऊन असे प्रतिपादन केले की प्रसूतीची वेदना देहात अटळपणे वसत नाही. आजीच्या गोष्टींतून, शेजारणींच्या बोलण्यातून, धर्मग्रंथांतून आणि कादंबऱ्यांतून ती स्त्रीला आधीच शिकविलेली असते. शब्दाने जे घडविले ते शब्दानेच मोडता येईल, हा त्यापुढचा निष्कर्ष. युद्धोत्तर काळातील औषधांची आणि भूलतज्ज्ञांची टंचाई ह्या सिद्धान्ताच्या पथ्यावर पडली, हेही नोंदविले पाहिजे. १९५१मध्ये सोव्हिएत शासनाने ही पद्धत देशभर स्वीकारली आणि त्याच वर्षी लामाझ ह्यांनी लेनिनग्राड येथे तशी एक प्रसूती प्रत्यक्ष पाहिली.

पश्चिमेत हाच वाद भाषांतराच्या अंगाने आधीच सुरू झाला होता. १८४७मध्ये क्लोरोफॉर्मचे समर्थन करताना जेम्स यंग सिम्प्सन ह्यांनी 'उत्पत्ती'च्या तिसऱ्या अध्यायातील 'एत्सेव' ह्या हिब्रू शब्दाचा अर्थ यातना नसून श्रम आहे, असा युक्तिवाद केला. 'भय, ताण, वेदना' ह्या साखळीचा सिद्धान्त मांडणारे इंग्रज डॉक्टर ग्रँटली डिक-रीड ह्यांनीही विसाव्या शतकात ह्याच शब्दाकडे बोट दाखविले. मात्र त्यांना औषध नको होते. एकाच शब्दाच्या फेरवाचनातून दोन परस्परविरोधी उपचार निघावेत, ही गंमत लक्षणीय आहे. ह्याच धातूपासून झालेला शब्द पुढच्या वचनात आदामाच्या कष्टांसाठी येतो. तरीही अनेक आधुनिक भाषांतरांत स्त्रीच्या वाट्याला वेदना आणि पुरुषाच्या वाट्याला श्रम येतात. १९५६मध्ये पोप बारावे पायस ह्यांनी ह्या पद्धतीत नैतिक आक्षेपार्ह काही नाही असा निर्वाळा दिला, तेव्हा ह्या वचनाचा प्रश्न त्यांनाही टाळता आला नाही.

इंग्रजी 'लेबर' आणि फ्रेंच 'त्राव्हाय' हे शब्द श्रम आणि प्रसूती हे दोन्ही अर्थ वाहतात. मराठीत तसे नाही. आपली बाई 'अडते', 'सुटते', 'मोकळी होते'. तिला 'कळा येतात', 'वेणा लागतात'. 'कळ सोसणे' हा तर धीर धरण्याचाच पर्याय होऊन बसला आहे. पण सुईण 'कळ दे' म्हणते तेव्हा सोसणारी बाई देणारी होते. 'आकुंचन' ह्या पाठ्यपुस्तकी शब्दाला हे वळण साधत नाही.

लामाझपद्धतीचा खरा पेच तिच्या यशाच्या मोजमापात दिसतो. प्रसूतींना उत्कृष्टापासून अपयशापर्यंत श्रेणी दिल्या जात आणि त्या देताना स्त्रीचा संयम, अस्वस्थता, ओरडणे पाहिले जाई. वेदना शिकविलेली असेल तर ज्या स्त्रीला ती झाली ती विद्यार्थिनी म्हणून कमी पडली, हा अर्थ आपोआप निघतो. ब्रिटिश लेखिका शीला किट्झिंगर ह्यांनी ह्यावर बोट ठेवले होते. अमेरिकेत मार्जोरी कार्मेल ह्यांच्या १९५९मधील आत्मकथनपर पुस्तकाने ही पद्धत लोकप्रिय केली. तिकडे पाव्हलोव्ह मागे पडला आणि श्वसन उरले.

प्रशिक्षणाने प्रत्यक्षात काय साधते? स्वीडनमध्ये प्रथमच प्रसूत होणाऱ्या १०८७ स्त्रियांचा यादृच्छिक पद्धतीने झालेला अभ्यास २००९मध्ये प्रसिद्ध झाला. श्वसन आणि शिथिलीकरण शिकविलेल्या गटात आणि नेहमीचे मार्गदर्शन मिळालेल्या गटात कण्यातून भूल घेणाऱ्यांचे प्रमाण सारखेच, ५२ टक्के, होते. प्रसूतीच्या अनुभवातही फरक आढळला नाही. एलन हॉडनेट ह्यांच्या २००२मधील समीक्षेत असे दिसते की स्त्रीचे समाधान वेदनेच्या तीव्रतेपेक्षा तिच्या अपेक्षा, मिळालेला आधार, शुश्रूषा करणाऱ्यांशी असलेले नाते आणि निर्णयातील सहभाग ह्यांवर अधिक अवलंबून असते. २०१७मधील कॉक्रेन समीक्षेने २६ चाचण्यांचा आढावा घेतला. प्रसूतीच्या वेळी सतत सोबत मिळालेल्या स्त्रियांच्या कळा काहीशा लवकर आटोपतात, शस्त्रक्रिया कमी लागतात आणि अनुभव कडवट असल्याची तक्रार कमी येते, असे तिचे निष्कर्ष आहेत. म्हणजे केवळ गर्भवतीला तयार करण्यापेक्षा तिच्या भोवतीची माणसे तयार असणे अधिक फलदायी दिसते.

ह्या दृष्टीने चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठवा अध्याय पुन्हा वाचण्यासारखा आहे. नववा महिना लागण्यापूर्वी सूतिकागार सिद्ध करावे, असे तेथे सांगितले आहे. सोबतीला ज्या स्त्रिया ठेवावयाच्या त्या अनेकदा प्रसूत झालेल्या, स्नेहशील, विषाद टाकलेल्या आणि क्लेश सहन करू शकणाऱ्या असाव्यात. कळेला तेथे 'आवी' हा स्वतंत्र शब्द आहे आणि आवी नसताना जोर करणे व्यर्थ, असा स्पष्ट उपदेश आहे. अडलेल्या स्त्रीला उठवून मुसळाने धान्य कांडावयास लावावे, हे मत मांडून आत्रेय ते खोडून काढतात. जांभई देणे आणि चालणे एवढेच त्यांना मान्य आहे. आणि ती जोर करीत असतानाच भोवतीच्या स्त्रियांनी, तू प्रसूत झालीस, धन्य पुत्र झाला, असे म्हणावयाचे असते. त्या हर्षाने तिचे प्राण पुष्ट होतात. अपत्य पुत्रच गृहीत धरले आहे, हे खरे. पण येथेही शब्दच उपचार आहे. फक्त तो उच्चारण्याचा भार कळा देणाऱ्या स्त्रीवर टाकलेला नाही.