व्हिक फ्लिक यांच्याविषयी तळटीप
व्हिक फ्लिक (१९३७–२०२४) : इंग्लंडमधील स्टुडिओ-गिटारवादक, म्हणजे ठरावीक मानधनावर ध्वनिमुद्रणापुरते वाजवणारे वादक. ‘डॉ. नो’ (१९६२) या बाँडपटाच्या शीर्षकसंगीतातील गिटार त्यांची आहे. माँटी नॉर्मन यांच्या नावावरील ही चाल जॉन बॅरी यांनी वाद्यवृंदासाठी बांधली आणि फ्लिक यांनी ती खालच्या, जाड तारांवर कडक नखीने (प्लेक्ट्रमने), तालाच्या किंचित पुढे राहून वाजवली. तिच्यातील धमकीचा सूर, खरे तर, या हाताचाच आहे. ही चाल नॉर्मन यांची की बॅरी यांची, या वादात २००१ मध्ये लंडनच्या न्यायालयाने नॉर्मन यांच्या बाजूने कौल दिला; स्वामित्वधन (प्रत्येक वापरामागे मिळणारा मोबदला) रचनाकाराचे असल्याने फ्लिक यांच्या वाट्याला एकरकमी मानधनच आले, आणि चित्रपटाच्या श्रेयनामावलीतही त्यांचे नाव नव्हते.